देवलांनी बांधलेला उंचवटा

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या जयप्रकाश देवलांना एकच गोष्ट सलत होती: लेकीच्या खेळात बापाचा काडीचा उपयोग नाही. सांगलीत कॉलेजात असताना भलेभले फलंदाज त्यांच्या गोलंदाजीला वचकून असत. आणि बारा वर्षांची संहिता खेळायला लागली बेसबॉल. का, तर सायकलवरून पाच मिनिटांवर तोच क्लब. घ्या आता!

२००५च्या मे महिन्यात पोरगी हिरमुसून घरी आली. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो. सपाट जमिनीवर संहिताचा नेम अचूक, पण उंचवट्यावर चढली की तोल जाई आणि चेंडू मातीत. कोचने सांगितलं होतं, शनिवारी शेवटची संधी. नाही जमलं तर दुसरा पिचर.

झालं, देवलांना काम मिळालं. मागच्या अंगणात गाडीभर चिकणमाती आली, बायकोची, म्हणजे सुनेत्राबाईंची, कोथिंबीर तिच्याखाली गेली, आणि दोन संध्याकाळी घाम गाळून उंचवटा उभा राहिला. मागून छान लांब चढ, पुढे उभा कडा.

संहिता बघतच राहिली. "बाबा, इथे कोणी धावत येऊन टाकत नाही. उभं राहून टाकायचं. स्लोप पुढे हवा."

देवलांचा चेहरा खर्रकन उतरला. ऑफिसात चिप बनवायच्या यंत्रात केसाएवढी चूक न खपवणाऱ्या माणसानं अख्खा रनअप बांधून ठेवला होता.

सुनेत्राबाईंना हसू आवरेना. "अहो, शेजारच्या आजींना वाटलंय, आपण कुणाला तरी पुरलंय."

दुसऱ्या दिवशी देवल ऑफिसातून आले ते थेट फावडं घेऊन. कडा फोडून त्यांनी टेपनं मोजत पुढे उतार काढला. सुनेत्राबाईंनी जीन्स दुमडली, पाणी शिंपडलं आणि माहेरी खळं चोपायच्या तशी फळकुटानं माती चोपली.

"टेप ठेवा बाजूला, तिलाच उभं करून बघा," त्या म्हणाल्या. मग संहिता चेंडू टाके, आणि तिचं पाऊल अडखळे तिथली माती देवल गुडघ्यांवर बसून सारखी करत. शुक्रवारपर्यंत पोरीचा तोल सावरला.

शनिवारी पहिला चेंडू मातीतच गेला. पुढचे सहा मात्र सरळ कॅचरच्या, म्हणजे समोर चेंडू पकडणाऱ्याच्या, हातमोज्यात. कोचने मान डोलावली. मोसमभर पिचर संहिताच.

देवलांना भरून आलं. तेवढ्यात ती धावत आली. "बाबा, उद्या दहाला अंगणात. मी टाकणार, तू पकडायचं."

यष्टिरक्षणाला जन्मभर नाक मुरडणारे देवल घरी न जाता थेट खेळाच्या दुकानात गेले आणि कॅचरचा मोठ्या मापाचा हातमोजा मागू लागले.