हातून पडलेला गेज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

ऐंशीच्या दशकात इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन मी डहाणूच्या एका बर्फाच्या कारखान्यात लागलो. मासेमारीच्या बोटींना तिथून बर्फ जायचा. बर्फ करायला पाइपांतून अमोनिया फिरवतात. आत त्याचा दाब किती आहे हे कुणाला दिसत नाही — दिसतो तो गेजचा काटा. हे काटे खरं दाखवतात की नाही, ते पाहणं माझं काम. त्यासाठी माझ्याकडे एक प्रमाण गेज होता, मुंबईहून तपासून आणलेला. बाकी सगळे त्याच्याशी ताडून घ्यायचे.

तो माझ्या हातून पडला. बोर्डीहून कामावर येताना, एसटीतून उतरताना — पिशवीसकट. काच शाबूत होती. काटा शून्यावर होता. पण शून्यापाशी खुंटी असते. काटा खाली सरकला असला तरी तिथंच टेकतो. हे मला ठाऊक नव्हतं का? परीक्षेत लिहून आलो होतो. गेज पुन्हा तपासायला धाडायला हवा होता. मग शेठनं विचारलं असतं, कसा पडला? बस, एवढंच. एवढ्याला मी भ्यालो.

आणि त्याच गेजवर मी सगळे काटे जुळवले — जे बरोबर होते तेही. आता दाब असेल त्याहून कमीच दिसणार होता. दाब वाढला की उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्हसुद्धा.

मशीन चालवायचा काशिनाथ, जवळच्या आगर गावचा. म्हणायचा, "साहेब, तुम्ही तपासलंय ना, मग मला चिंता नाही." एका दुपारी पाइपाचा जोड फुटला. अमोनिया थेट त्याच्या तोंडावर. एक डोळा गेला, दुसऱ्यानं जेमतेम दिसायचं.

शेठनं त्याच्या गुजराती वळणाच्या मराठीत मला विचारलं, "काटा बरोबर होता ने?"

"बरोबर होता," मी म्हणालो. आणि — इथं तरी थांबता आलं असतं ना? — "त्याचं लक्ष नसेल."

काशिनाथची नोकरी गेली. दुरुस्तीच्या गडबडीत मी नवा प्रमाण गेज मागवला. कुणी काही विचारलं नाही.

मग त्याच्या घरी गेलो. डोळ्यांवर पट्टी, तरी खाटेवर उठून बसला. "काटा लाल रेघेच्या आतच होता असं मला वाटलं, साहेब. बघण्यात माझीच चूक झाली. तुम्हालाही ऐकून घ्यावं लागलं असेल."

मी म्हणालो, "होतं असं."

पुढे, नव्वदच्या दशकात, तलासरीच्या स्टँडवर मी बसची चौकशी करत होतो. मागून हाक आली. माझा आवाज ऐकूनच काशिनाथनं ओळखलं. मुलीचा हात धरून उभा होता. तिला म्हणाला, "हे आपले साहेब. सगळ्यांनी मला दोष दिला, ह्यांनी एका शब्दानं नाही."

मुलीनं वाकून मला नमस्कार केला.

मी तो करू दिला.