धनेशच्या होडीवरची खोक

पनवेलच्या खाडीकाठी फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या जगन कोळ्याची एक खोड होती. काम झालं की मालकाला डोळे मिटायला लावायचा आणि त्याचा तळवा होडीवर टेकवायचा. "फिरव हात. कुठं जोड लागला तर मजुरी नको मला." तीस वर्षांत कुणाचा हात अडखळला नव्हता. म्हातारा त्यावर इतका फुशारायचा, की लोक म्हणायचे, याच्या कपाळाला टेंगूळ आलं तरी घासून सपाट करील.

पौषात त्याच्याच मुलाच्या, धनेशच्या होडीला पहाटेच्या धुक्यात बार्जनं धडक दिली. होडी त्याच दिवशी सापडली, धनेश दुसऱ्या दिवशी. होडीच्या उजव्या अंगाला हातभर खोक पडली होती. वरचा चकचकीत थर, जेलकोट म्हणतात तो, पापुद्र्यासारखा उडाला होता.

सून रंजितानं होडी विकायचं ठरवलं. घरात पाण्यावर जाणारं कुणी उरलंच नव्हतं. जासईचे कृष्णकांत घ्यायला तयार होते, पण त्यांची एक अट होती. "खूण दिसता कामा नाय. पोरं बसायची नायत तीत."

जगननं काचतंतूची मॅट आणि चिकट रेझिन लावून भोक दोन दिवसांत बुजवलं. घोडं अडलं ते रंगाशी. जुना पांढरा उन्हानं पिवळसर झालेला असतो. नव्या जेलकोटात पिवळ्याचा थेंब, काळ्याचा कण घालून तो पकडावा लागतो. जगन वाटीत कालवायचा, खोकेशेजारी ठिपका लावून उजेडात बघायचा, मान हलवायचा आणि पुसून टाकायचा. यात महिना गेला. कृष्णकांतांचे दोन फोन येऊन गेले.

एका सकाळी रंजिता चहा घेऊन आली आणि ठिपक्याकडे बघत उभी राहिली.

"बाबा, रंग कवाचा जुळलाय," ती म्हणाली. "तुमीच लावत नाय."

चोराच्या वाटा चोराला ठाऊक. तिनंही धनेशचा एक शर्ट अजून धुतला नव्हता.

"पोराचं शेवटचं तेवढंच हाय गं," जगन म्हणाला. "तेबी मीच घासून टाकू?" आणि तो तिच्यासमोर ढसाढसा रडला. रंजितानं हार्डनरची बाटली पुढे केली.

हार्डनर पडला की थांबता येत नाही, वाटीतला माल घट्ट व्हायला लागतो. जगननं थर चढवून प्लास्टिकनं झाकला. दुसऱ्या दिवशी पाणी मारत बारीक पेपरनं घासला, मग त्याहून बारीक पेपरनं, आणि शेवटी पॉलिश केलं.

दुपारच्या भरतीला होडी जायची होती. मालकीण आता रंजिताच. तिनं आपणहून डोळे मिटले आणि तळवा टेकवला. हात पुढच्या टोकापासून मागेपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"बाबा," ती घाबरून म्हणाली, "कुठं होती वो ती खोक?"

जगननं दाखवायला तिचा हात धरला. एके ठिकाणी टेकवला, वीतभर पुढे नेला, मग मागे आणला. शेवटी तिचा हात सोडून त्यानं डोळे मिटले आणि स्वतःचा तळवा फिरवला. एकदाच, फक्त आज, हा हात कुठंतरी अडखळू दे, म्हणून तो मनोमन एकवीरेला विनवत होता. हात सरळ गेला.