कावळ्यापुढचं निवेदन

धनराज गांगुर्डेने आत्याच्या दशक्रियेसाठी दिल्लीहून शिकवलेला कावळा आणला होता, अशी बातमी आमच्या सिडकोत बरेच दिवस फिरत होती. विमानाने आणला, खिडकीजवळची जागा दिली, असंही काही जण शपथेवर सांगायचे. साफ खोटं. कावळा इथलाच. गोदाघाटावर जन्मलेला आणि तिथल्याच भातावर पोसलेला. त्या दिवशी घाटावर शिकवलेला कुणी असेलच, तर तो धनराज.

धनराज एका केंद्रीय मंत्र्यांचा संवाद सल्लागार आहे. मंत्र्यांनी काय बोलावं, कसं बोलावं, आणि बोलून फसल्यावर 'मी तसं म्हणालोच नव्हतो' हे कोणत्या शब्दांत म्हणावं, हे सांगायचा त्याला पगार मिळतो. "बोलायचं मंत्र्याने, मग पगार याला कशाचा?" हा प्रश्न गल्लीतली निम्मी माणसं अजून विचारतात. उरलेली निम्मी त्याच्याकडून मुलांच्या नोकरीची आशा धरून आहेत, म्हणून विचारत नाहीत.

गुण पाळण्यातलेच. आई लहानपणी गेली, तेव्हा विंचूरची कुसाबाई आत्या त्याला आपल्या घरी घेऊन आली आणि स्वतःच्या अमोलबरोबर वाढवलं. शाळेत दोघांनी मिळून खिडकीची काच फोडली. हेडमास्तर छडी घेऊन आले तेव्हा धनराज पुढे झाला आणि म्हणाला, "सर, काच फुटली ही अत्यंत दुर्दैवी घटना आहे. आम्हा सगळ्यांनाच दुःख झालंय." हेडमास्तरांनी त्याची पाठ थोपटली. छड्या अमोलला पडल्या, कारण बॅट त्याच्या हातात होती आणि तोंडात काही नव्हतं. अमोल तेव्हाही गुळाचा गणपती होता, आजही आहे.

पुढे वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली, मग एका सायंदैनिकात बातमीदारी, तिथून एका नगरसेवकाची भाषणं लिहिणं. नगरसेवकाच्या वॉर्डात पाणी येत नव्हतं आणि बाया रिकामे हंडे घेऊन सभेला बसल्या होत्या. धनराजने त्याला एकच वाक्य लिहून दिलं. "माता-भगिनींनो, पाणी निघालं आहे!" कुठून निघालं, पोचणार कधी, कुणी विचारलं नाही. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आमदाराने ऐकल्या, आमदाराकडून तो खासदाराकडे गेला आणि खासदाराबरोबर दिल्लीला. दिल्लीत मंत्र्यांना अर्धाच झालेला पूल उद्घाटनाला मिळाला, तेव्हा "हा पूल आधी मनामनांत उभा राहिला आहे" हे वाक्य आपल्या धनराजचं. खाती बदलली, मंत्री बदलले, धनराज जागच्या जागी. त्याच्यावाचून कुणाला गप्प बसता येईना.

इकडे अंबडला कारखान्यांच्या रस्त्यावर कुसाबाईने खानावळ चालवली. गाळा धनराजच्या वडिलांनी घेतलेला, म्हणून मालक धनराज. पण तवा कुसाबाईचा, आणि तिचे गुडघे गेल्यापासून तिच्या सुनेचा, म्हणजे अमोलच्या बायकोचा, ललिताचा. पहिल्या शिफ्टचे लोक येऊन जातात तोवर दुसऱ्या शिफ्टचे दारात. बाजरीची भाकरी आणि शेवभाजी. अमोलची नोकरी कंत्राटी, आज आहे तर उद्या नाही, घर चालायचं ते ललिताच्या तव्यावर. आणि एका बिल्डरला नेमका तोच गाळा हवा होता, मोटारसायकलींच्या शोरूमसाठी. त्याने दिल्लीला फोन केला. धनराज त्याला नाही म्हणाला नाही. हो म्हणायची तर त्याला सवयच नव्हती.

दर रविवारी कुसाबाई फोन लावायची. ललिता कणीक मळता मळता कान तिकडे द्यायची.

"धन्या, गाळा ललिताला राहू दे रे. माझं आता काय खरं नाय."

"आत्या, तुझी भावना माझ्यापर्यंत पोचली आहे."

"भावना नाय, गाळ्याचं बोल."

"त्यावर सकारात्मक विचार सुरू आहे."

फोन ठेवला की कुसाबाई सुनेकडे वळायची. "काय म्हनला गं तो?"

"बोलले छान. सांगितलं काहीच नाही."

"लहानपनीबी असाच. परसाकडं झाली का इचारलं तरी धड सांगत नव्हता."

असे कितीतरी रविवार गेले आणि भर चैत्रात कुसाबाईही गेली. गाळ्याचं उत्तर न ऐकताच.

दशक्रियेला धनराज दिल्लीहून आला. ललिताने त्याला सकाळीच गाठलं. "भाऊजी, तो बिल्डर काल येऊन भिंती मोजून गेला. मी भांडी आवरायची का?"

"वहिनी, घाईने कुठलाही निष्कर्ष काढू नका."

ललिताने निष्कर्ष काढला नाही. पदर खोचला आणि घाटावर गेली.

घाटावर ही गर्दी. नातेवाईक होतेच, शिवाय खानावळीची गिऱ्हाइकं. त्यांत सगळ्यांत जुना रियाज. अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो आणि लग्नाआधीपासून कुसाबाईच्या हातचं जेवत आलेला. ऊन मी म्हणत होतं म्हणून त्याने भली मोठी काळी छत्री आणली होती. ललिता म्हणाली, "रियाजभाई, तुम्ही असे पुढे या. गुरुजींना ऊन लागतंय." रियाज पुढे आला आणि छत्री उघडून पिंडापाशी उभा राहिला. गुरुजींनी आशीर्वाद दिला.

आधी माइकवर श्रद्धांजली. पूर्वी ज्याचं पाणी 'निघालं' होतं तोच माजी नगरसेवक बोलायला उभा राहिला आणि चौकाला कुसाबाईंचं नाव देऊ असं जाहीर करून बसला. समोरच्या कठड्यावर एक कावळा होता, तो उठून आणखी लांब जाऊन बसला. त्याला वॉर्डाचा अनुभव असावा.

अमोलने पिंड ठेवले, हात जोडले. कावळा बघतोय, पण येत नाही. अमोल पुटपुटला, "आई, मी काळजी घेईन." कावळ्याने मान वाकडी केली. अमोलच्या शब्दावर आजवर कुणी गेलं नव्हतं, कावळा तरी कसा जाईल?

"कुणात जीव अडकलाय माउलीचा?" गुरुजींनी विचारलं.

सगळ्यांनी धनराजकडे पाहिलं. सगळ्यांना ठाऊक होतं.

धनराज पुढे आला. ओलं धोतर, उघडं अंग, तरी खांदे असे की जणू समोर कॅमेरे. घसा खाकरला. "आत्या, तुझ्या कष्टांचा आम्हाला अभिमान आहे. तुझ्या भावनांचा पूर्ण आदर राखला जाईल."

कावळा चोच साफ करू लागला.

"गाळ्याच्या विषयावर सर्वांना विश्वासात घेऊन योग्य तो निर्णय योग्य वेळी घेतला जाईल."

कावळ्याने पाठ फिरवली.

"साहेब," रियाज छत्रीखालून म्हणाला, "मावशीला दोन शब्दांत सांगा ना. आम्हाला दुसरी शिफ्ट गाठायची हाय. हे तुमचं ऐकता ऐकता तिसरी लागेल."

लोक हसले. धनराजच्या कपाळावर घाम आला. दिल्लीत असं झालं की तो मंत्र्यांच्या कानात 'पुढचा प्रश्न' असं सांगतो. इथे पुढचा प्रश्न नव्हता.

"अहो, मागे दोन कुटुंबं खोळंबलीत," गुरुजी म्हणाले. "कावळा येत नसेल तर दर्भाचा करून शिववू. शास्त्रात सोय आहे."

धनराजचा चेहरा उजळला. "उत्तम! अधिकृत प्रतिनिधी म्हणून त्याला..."

"नाही," ललिता म्हणाली.

इतकी वर्षं ताटं वाढताना तिचा आवाज गाळ्याबाहेर कधी गेला नव्हता. आज तो पलीकडच्या काठाला लागून परत आला.

"गवताचा नको. सासूबाई रविवारी फोन लावायच्या तो तुम्हाला, तुमच्या माणसाला नाही. त्या जिवंत होत्या तोवर 'विचार सुरू आहे' ऐकत बसल्या. आता खऱ्या कावळ्याला खरं काय ते सांगा. 'विकणार' असलं तरी चालेल. सांगा, म्हणजे मी तवा उचलते."

अमोलने आयुष्यात पहिल्यांदा धनराजच्या डोळ्यांत बघितलं. बहुधा काचेची आठवण झाली असावी.

धनराज कावळ्याकडे वळला. "आत्या," तो म्हणाला, "तूर्तास मी गाळा विकणार नाही."

कावळा उडाला. घाटाच्या पायरीवर उतरला. एक उडी, दुसरी उडी. बायांनी हात जोडले. तेवढ्यात रियाजने छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि कावळा परत कठड्यावर.

"भाऊजी," ललिता म्हणाली, "तो 'तूर्तास' गिळा."

"वहिनी, तो नुसता बोलण्याच्या ओघात..."

"गिळा."

आता मात्र धनराजचे खांदे खाली आले. माणूस उंचीने वीतभर कमी झाला. समोर आत्याच्या आवडीचा उडदाचा वडा पिंडाशेजारी ठेवला होता, त्याच्याकडे बघत तो म्हणाला, आणि आवाज अगदी त्या हेडमास्तरांपुढच्या पोराचा, फक्त या वेळी खरा, "आत्या, गाळा वहिनीचा. कधीच विकणार नाही. उद्याच तिच्या नावावर करून देतो. बिल्डरला आत्ता फोन करून नाही म्हणतो. खेळवलं तुला. चुकलं माझं."

कावळा आला, वडा उचलला आणि गेला. मागे वळूनही बघितलं नाही.

बायांनी डोळे पुसले. गुरुजी पुढच्या कुटुंबाकडे धावले. धनराजने ओल्या धोतरातच बिल्डरला फोन लावला आणि 'नाही' हा शब्द इतका मोठ्याने म्हणाला, की दोन कबुतरं उडाली. अमोलने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आता काही नतद्रष्ट माणसं म्हणतात की, कावळा आला तो वचनामुळे नाही, तर धनराज 'चुकलं माझं' म्हणाला त्याच क्षणी रियाजने छत्री मिटली म्हणून. ऊन तर डोक्यावरच होतं, मग मिटली का, असं विचारलं तर रियाज म्हणतो, "हात दुखला." ललिता तेवढ्यात तव्यावरची भाकरी उलटायला वळते. एवढं मात्र खरं, की रियाजला त्या दिवसापासून दुसऱ्यांदा शेवभाजी मागावी लागत नाही. गाळा पुढच्या दोन दिवसांत ललिताच्या नावावर झाला आणि धनराजने परतीचं विमान त्यासाठी चुकवलं, हेही खरं.

दशक्रियेची पंगत खानावळीतच बसली. धनराज सगळ्यांच्या शेवटी, भिंतीला टेकून. माजी नगरसेवक आमटी ओरपत समोर येऊन बसला आणि दहा जणांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय धनराजराव, दिल्लीत एवढ्या पत्रकारांना गुंडाळता तुम्ही, आणि इथे एका कावळ्यापुढे सगळं ओकलात?"

धनराजने भाताचा घास घेतला, सावकाश गिळला आणि म्हणाला, "पत्रकार बरे हो. ते आधी जेवतात आणि मग प्रश्न विचारतात. हा उत्तर ऐकल्याशिवाय ताटालाच शिवत नाही."