गाळ्यांखालची विहीर

"हायस का रं वर?"

पायाच्या चरातून हा आवाज आला की काठावरच्या माणसाने हातातलं टाकून "हाय, मुकादम, हाय!" असं ओरडायचं, हा आमच्या कामावरचा कायदा होता. उत्तराला जरा उशीर झाला की मुकादम टिकाव फेकून वर यायचे आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. चर गुडघाभर असो की पुरुषभर, तऱ्हा तीच. नवे गडी तोंड फिरवून हसायचे. खरं सांगायचं तर मीही हसायचो. गुडघाभर चरात हा बाबा हरवणार तरी कुठे?

मी तेव्हा साताऱ्याहून सांगलीला एका कंत्राटदाराकडे देखरेखीच्या नोकरीवर आलो होतो. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, सिमेंट परमिटशिवाय दिसत नव्हतं, आणि तरीही हळदीच्या एका शेठजींनी गावाच्या कडेला मोठी इमारत काढली होती. खाली दुकानांचे गाळे, वर पेढ्या. पूर्वी तिथे कुणाचा तरी मळा होता. आम्ही बाभळी तोडल्या, बांध सपाट केले आणि चुन्याची फक्की टाकून पाया आखला. इकडची काळी माती तुम्हाला ठाऊकच असेल. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिच्यावर भिंत घातली की तडकलीच म्हणून समजा. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं आणि तिथून दगड-चुन्यात पाया वर घ्यायचा. खोदाईला तासगावाकडची टोळी होती आणि मुकादम त्या टोळीचे.

साठीचा माणूस, पण टिकाव असा मारायचा की बघत राहावं. जिभेलाही टिकावासारखीच धार. एकदा शेठजी काम बघायला आले आणि थेट चराच्या काठावर येऊन उभे राहिले. शेठजींचं अंग भलतंच भरलेलं. मुकादम खालून म्हणाले, "शेटजी, जरा मागं सरा. तुमचं वजन पेलाय पाया अजून झाला न्हाई."

मला घाम फुटला. शेठजी मात्र खो-खो हसले आणि मागे सरले. त्यांच्या त्या दिलदार स्वभावामुळेच पुढचं सगळं घडू शकलं, असं मला वाटतं.

उत्तरेच्या कोपऱ्यात खोदाई आली आणि टिकाव भसकन आत गेला. माती भुसभुशीत, मध्ये विटांचे तुकडे, कुजकी लाकडं. "पेव लागलं!" म्हणून गडी नाचायलाच लागले. हरिपुराकडे जमिनीखाली हळद साठवायची पेवं असतात, त्यातलंच एखादं विसरलेलं असेल, हळदही असेल, असा त्यांचा हिशेब. तेवढ्यात मुकादम आले. मूठभर माती घेतली, बोटांनी फोडली आणि म्हणाले, "पेव न्हाई. हीर हाय ती. बुजीवल्याली."

आणि ते मटकन खाली बसले. मी पाणी आणवलं. तांब्या हातात धरून राहिले, प्याले नाहीत.

"मुकादम, बरं नाही का?"

"आखनी केली तवापासनं वाटत हुतं, भाऊसाहेब. मळा त्योच. पर म्हनलं, हिकडचा कोपरा सुटंल. न्हाई सुटला."

मग त्यांनी सांगितलं. तरणेपणी ते आणि त्यांचा थोरला भाऊ इथे विहीर खोदायला आले होते. दादा खाली, हे वर दोराला. दादा मधूनमधून खालून हाक मारायचा आणि हे उत्तर द्यायचे. एका दुपारी तहान लागली म्हणून हे पलीकडच्या झाडाखाली पाणी प्यायला गेले. दादाने हाक दिली, ती लांबून ऐकूही आली. येतो की, घाई काय, असं म्हणून यांनी आणखी एक घोट घेतला. तेवढ्यात काठ ढासळला. मालकाने दोन दिवस माती उपसून पाहिली, माती आणखी कोसळायला लागली तेव्हा विहीर बुजवून टाकली.

"त्यो माझं नाव घिऊन वरडत हुता," मुकादम म्हणाले, "आन् मी पानी पीत हुतो."

 मी त्या कोपऱ्यातलं काम थांबवलं आणि इंजिनिअरना निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आले. बुजवलेल्या विहिरीवरून दगडी कमान टाका आणि पुढे चला, म्हणाले. कामाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण शेठजींच्या कानावर हकिकत गेली आणि ते उठूनच उभे राहिले. "माणूस खाली ठेवून वर मी लक्ष्मीपूजन करू? छे छे! काढा त्याला. चार दिवस जास्त लागले तर लागू देत."

मला वाटलं, मुकादम पाया पडतील शेठजींच्या.  पण त्यांनी दुपारी भाकरीचं फडकं सोडलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. मला राहवेना. "अहो, इतकी वर्षं मनात धरलंत, आता परवानगी मिळाली तर हे काय?"

"तुमाला म्हाईत न्हाई, भाऊसाहेब. वैनी हाय माझी घरात."

दादाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मढं कुणी पाहिलं नाही, म्हणून वैनीने कुंकू पुसू दिलं नव्हतं. गाव बोललं, भावकी बोलली. तिचा एकच सवाल: "तुमी बघितलं का त्यांला? न्हाई ना? मग!" लोकांच्या हळदीकुंकवाला ती जायची नाही, कुणी बोलवायचंही नाही. पण रोज सकाळी कपाळावर ठसठशीत कुंकू लावून कामाला लागायची. अशी तिची सगळी उमर गेली.

"गावला तर वैनीचं कुकू जातंय. न्हाई गावला तर दादा हितंच पडून ऱ्हातुय, वर हळदीची पोती," मुकादम म्हणाले. "मी काय मागू द्येवाजवळ, सांगा."

 

खोदलं शेवटी. बाजूंना फळ्यांचा आधार देत, पाझरलेलं पाणी उपसत, सगळं मुकादमांनीच पुढे होऊन केलं. खालच्या गाळात दादा सापडला. हाडं, आणि एक चांदीचं कडं. लग्नात वैनीच्या वडिलांनी घातलेलं, आत सोनाराची खूण. संस्थानचे फौजदार आले, जुनी हकिकत ऐकून, पंचनामा करून गेले. मुकादमांनी डोक्याचा पटका सोडला, हाडं त्यात गोळा केली आणि वैनीला आणायला गाडी पाठवली.

ती आली. किरकोळ अंगाची, ताठ मानेची बाई. उतरली ती सरळ मुकादमांपुढे. त्यांनी तळहातावरचं कडं पुढे केलं.

तिने ते घेतलं, पदराने पुसलं. फिरवून फिरवून पाहिलं. आतल्या बाजूने बोट फिरवलं आणि बोट एका जागी थांबलं. सगळे गडी हातातली कामं सोडून उभे होते. मग तिने कडं परत दिलं.

"ह्ये त्यांचं न्हाई."

"वैनी..."

"न्हाई म्हनलं न्हवं का? माझ्या बापानं घडीवल्यालं कडं मी वळखनार न्हाई व्हय?"

मुकादमांचा चेहरा मला आजही आठवतो. ते हळूच म्हणाले, "व्हय, वैनी. नसंल त्याचं."

ती गाडीकडे वळली. चार पावलांवर थबकली आणि पाठमोरीच बोलली, "पर कुनाच्या तरी घरचा असंलच की त्यो. नीट पोचवा, भावजी. थोरल्या भावागत करा समदं."

मुकादमांनी थोरल्या भावागत सगळं केलं. त्यानंतर मात्र ते आमच्या कामावर आले नाहीत. टोळी आली, पाया भरला, वर गाळे उठले. त्यांना मी पुष्कळ निरोप धाडले, पण ते काही आले नाहीत. पुढे दोन पावसाळ्यांनी ते गेल्याचं कळलं. वैनी तेव्हाही कुंकू लावत होती म्हणे.

मुकादम आठवले की मला कृष्णेकाठची ती दुपारच दिसते. लाकडं पेटली होती. डोकं भादरलेले मुकादम जाळापासून हलत नव्हते. बायका स्मशानात येत नाहीत, म्हणून वैनीने घरी निघालेली गाडी वर रस्त्याच्या वळणावर थांबवलेली, आणि मी तिच्यापाशी. ऊन रणरणत होतं. गाडीवान दोनदा म्हणाला, "चला आता, म्हातारे. गाव लांब हाय. आपलं कोन हाय हितं?"

ती गाडीत बसायला तयार होईना. चाकाला धरून उभी होती, नजर खालच्या जाळावर.

"थांब रं जरा," ती म्हणाली. "जळू दे की पुरता."