सगळ्यांचा नंबर एकच

अंधेरीला एमआयडीसीत आमच्या बिल्डिंगखाली चहाची टपरी आहे. तिथे तो रोज भेटायचा. वरच्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअर कंपनीतला. नाव मी कधी विचारलं नाही. ग्लास दोन्ही हातांत धरून चहा पार गार होईपर्यंत फुंकत बसायचा. फोनवर मात्र कायम एकच पालुपद: "बदल नसू दे रे, नंबर वाढव."

ही काय भानगड आहे, एकदा मी विचारलंच.

"आमच्या सॉफ्टवेअरची बरीच पॅकेजेस, म्हणजे सुटे भाग, एकत्र बाहेर पडतात," तो म्हणाला. "म्हणून व्हर्जनचा नंबर सगळ्यांचा एकच. एखाद्यात काडीचा बदल नसला तरी त्याचाही वाढवायचा. मागे ठेवला तर लोकांना वाटतं, हे आता यांच्यातलं नाही."

"म्हणजे अभ्यास न करता पास! झकास की." माझ्या या बोलण्यावर तो नुसता हसला.

गेल्या आठवड्यात त्याच्याजवळ केकचा खोका होता. वर आकड्यांच्या मेणबत्त्या, दोन्ही नऊच्या.

"नव्याण्णव वर्षांचं कोण आहे घरात?" मी थट्टेने विचारलं.

"नाही हो. जुळी आहेत आमची." त्याने खोक्याची दोरी नीट केली. "मुलगी चार वर्षांची असतानाच गेली. पण मुलगा ऐकत नाही. म्हणतो, माझा आकडा वाढला की तिचाही वाढवायचा."

मी खोक्यावरच्या मेणबत्त्यांकडे पुन्हा पाहिलं.

"त्याची मेणबत्ती तो फुंकतो," तो म्हणाला. "तिची कुणीच फुंकत नाही. आपोआप विझेपर्यंत आम्ही तिघं समोर बसून राहतो."