आरती लागली की थरथरणारा पडदा

निशिगंधाला पोलादपुरात सगळे मॅडम म्हणत, आणि ही गोष्ट तिला पगाराहून प्यारी होती. आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरावरच्या वाडीत तिचं घर. बाप म्हशी राखायचा, आई नाचणी-वरी पिकवायची, आणि मुलगी खाली जाऊन नक्की काय शिकवते हे दोघांनाही कधी समजलं नाही. तिच्या बरोबरीच्या मुली केव्हाच लग्न करून मुंबईला गेल्या होत्या. ही मात्र बिरवाडीला मावशीकडे राहिली, महाडला कॉलेज केलं, वर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि आता रोज मिनिडोर रिक्षाच्या दाटीत बसून घाट उतरायची. साल होतं दोन हजार दोन. नोकरी आहे तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही, एवढं तिनं बापाकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणजे नोकरी गेली की सगळंच गेलं.

क्लास सुनीलचा. मुंबईत एका कंपनीत कॉम्प्युटर जोडायचं काम करून तो गावी परतला आणि आईच्या घराच्या पडवीत त्यानं टेबलं मांडली. निशिगंधाला त्यानं ठेवलं ते काही उदार होऊन नव्हे. मुलींचे बाप पडवीत डोकावून आधी विचारायचे, शिकवायला कोण? बाई आहे म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि मुलगी दुसऱ्या दिवशी हजर व्हायची. सुनील हे लपवतही नसे. मॅडम आहेत म्हणून मुली आहेत, असं तो चारचौघांत म्हणायचा आणि निशिगंधाला ते कौतुक वाटायचं.

पावसाळा सरता सरता भिंतीकडच्या मॉनिटरला काहीतरी झालं. पाठीला पोट असलेले जुने मॉनिटर ते. पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा डाग पडला आणि मधूनच सगळी अक्षरं थरथरायला लागली, थंडीतल्या म्हाताऱ्यासारखी. मुली डोळे चोळायच्या, मुलगे हसायचे.

निशिगंधानं पद्धतशीर तपासलं. केबल काढून पिना वाकल्यात का पाहिलं, स्क्रू पिळून बसवले. मग वीजमंडळाला शिव्या घालून झाल्या, तर स्टॅबिलायझरचा काटा जागच्या जागी. शेवटी तिनं तो मॉनिटर उचलून दाराकडच्या टेबलावर नेला आणि तिथला चांगला मॉनिटर भिंतीकडे आणला. थोड्या वेळानं चांगला थरथरायला लागला आणि बिघडलेला गुणी पोरासारखा शांत. डागही तिनं मॉनिटरवरचं डाग पुसायचं बटण दाबून घालवला. म्हणजे दोष यंत्रात नव्हताच, जागेत होता.

पडवी आणि आतलं देवघर यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. सुनीलच्या थोरल्या भावानं मुंबईहून आईला मोठा कॅसेट डेक आणून दिला होता. तो आणि त्याचे दोन दांडगे स्पीकर देवघरात त्या फळ्यांना टेकवून ठेवलेले. बयाबाई, म्हणजे सुनीलची आई, सकाळ-संध्याकाळ त्यावर आरत्या लावायची. स्पीकरच्या चुंबकानं डाग पडत होता, आणि डेक चालू झाला की त्याच्यातल्या ट्रान्सफॉर्मरमुळे अक्षरं हलत होती. कोर्समध्ये हे शिकवलेलं होतं. निशिगंधाला इतका आनंद झाला की दुपारचा डबा तिनं तसाच ठेवला.

पण तिच्याआधी हे बयाबाईनंही हेरलं होतं. आरती लागते आणि पडदा थरथरतो, हे म्हातारीनं उंबऱ्यात उभं राहून नीट पाहून ठेवलं होतं. तिनं अर्थ लावला तो तिच्या परीनं. पडदा देवाच्या भिंतीला लागून आहे आणि त्याला कोणीतरी विटाळशी शिवते आहे. खरं सांगायचं तर निरीक्षणात म्हातारीची काडीचीही चूक नव्हती.

"देवाची आरती लागली की तो डबा कापतो गो," तिनं निशिगंधाला सांगितलं. "तुला-मला नाय कळलं तरी त्याला कळतं. पोरींना इचार."

निशिगंधानं सुनीलला बाजूला घेऊन सगळं समजावलं. डेक फक्त समोरच्या भिंतीला न्यायचा, दुसरं काही करायला नको. सुनीलनं मान हलवली, मग हसला.

"मला काय ते ठाऊक नाय असं वाटलं तुला? मुंबईत हेच करत होतो ना. पण घर आईचं हाय. उद्या ती म्हणाली उचला तुमचे डबे, तर मी क्लास कुठं रस्त्यावर मांडू? तिचं तिला करू दे. मी डेक हलवतो."

आणि त्यानं हलवला. कसा, तेही ऐका. बयाबाईनं एका सकाळी पडवीभर गोमूत्र शिंपडलं, मॉनिटरला हळदकुंकू लावलं, आणि त्याच सकाळी सुनीलनं आत जाऊन, इथं ओल येते असं सांगून, डेक आणि स्पीकर पलीकडे सरकवले. संध्याकाळी आरती लागली. पडदा ढिम्म हलला नाही. बयाबाईनं हात जोडले आणि शेजारच्या आनंदीबाईला मुद्दाम बोलावून आणून दाखवलं. सुनीलही शेजारी उभा राहून मान डोलावत होता. शिकलेला माणूस इतका निर्लज्ज असू शकतो, हे निशिगंधानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गुण आला म्हटल्यावर पथ्य आलंच. विटाळ असलेल्या मुलीनं त्या दिवसांत क्लासला यायचं नाही, असा नियम झाला, आणि मुलींना ते सांगायचं काम मॅडमच्या गळ्यात पडलं. निशिगंधा रात्रभर तळमळली नाही की भांडलीही नाही. तिला बापाचा चेहरा दिसत होता आणि वाडीत येऊन गेलेलं स्थळ दिसत होतं. तिनं मुलींना एका कडेला बोलावलं आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून नियम सांगितला. स्वतःही ती पाळू लागली. त्या दिवसांत वाडीवरच थांबायची आणि आईला सांगायची, सुट्टी आहे.

बोलली फक्त रिम्शा. नासिर टेम्पोवाल्याची मुलगी, आखाती देशात गेलेल्या भावाला स्वतः ईमेल पाठवता यावा म्हणून शिकायला आलेली, आणि सगळ्यांत हुशार.

"आमच्यात त्या दिवसांत नमाज नाय पढत, मॅडम," ती म्हणाली. "पण कीबोर्डचा काय संबंध?"

निशिगंधा म्हणाली, नियम आहे.

पुढचं मुलग्यांनी केलं. मुलगी कधी गैरहजर राहते याचा हिशेब त्यांनी ठेवायला सुरुवात केली. ती परत आली की मागच्या बाकावरून खोकला यायचा आणि कोणीतरी आरतीची चाल गुणगुणायचं. सांगून सुट्टी घ्यावी तर हे असं, न सांगता यावं तर बयाबाई उंबऱ्यात उभी. मुलींतली अमिता आधी क्लास सोडून गेली, परीक्षा तोंडावर असताना. मग तिच्या मैत्रिणी गेल्या. रिम्शाला तिच्या बापानं एक दिवस टेम्पोत बसवून घरी नेलं आणि सुनीलला एवढंच सांगितलं, की आमच्या पोरीचे दिवस तुमच्या पडवीत मोजायला नाय ठेवले. निशिगंधा हे सगळं बघत होती, आणि तोंडातून एक वाक्य काढायचं तेवढं तिला जमलं नाही.

दिवाळीनंतर वर्गात सगळे मुलगे उरले. सुनीलनं तिच्यासाठी चहा मागवला तेव्हाच ती समजली. तो म्हणाला, आता मुलीच नाहीत, तर लेडीज टीचरचं करायचं काय? मुलग्यांना मीच शिकवीन. बोलताना त्याला खरोखर वाईट वाटत होतं, हे आणखी चीड आणणारं. बयाबाईनं तिची ओटी भरली आणि लग्नाला बोलाव म्हणाली.

लग्न उन्हाळ्यात झालं. नवरा महाडच्या एमआयडीसीत कामाला, स्वभावानं बरा. कॉम्प्युटरचं त्यानंही कधी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात महाडच्या एसटी स्टँडवर रिम्शा भेटली. धावत आली, हात धरला. ती महाडच्याच एका क्लासला जात होती, भावाला रोज ईमेल करत होती.

"मॅडम, एक गंमत सांगू? तिथं पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, मॉनिटरजवळ स्पीकर ठेवायचा नाय. पडदा हलतो, डाग पडतो. मला एकदम आपला क्लास आठवला. ते त्या डेकमुळंच व्हायचं. तुमाला माहीत नव्हतं काय?"

निशिगंधानं तिच्याकडे पाहिलं. मुलगी सरळ विचारत होती, टोचून नव्हे.

"नव्हतं गो," निशिगंधा म्हणाली.

"असू दे, मॅडम," रिम्शा समजुतीनं म्हणाली. "तुमचा पण नवीनच होता ना कोर्स." आणि तिची गाडी लागली तशी ती पिशवी सावरत निघून गेली.