आरतीतला पंखा

मागच्या भाद्रपदात आमच्या घरचे गणपती चौरंगावर वीतभर चालले. दोष त्यांचा नव्हता, माझा होता. घरच्यांसमोर मी हे कबूल केलेलं आहे, तेव्हा आता लिहून द्यायलाही हरकत नाही.

आधी माझ्याबद्दल. मी जबलपूरला सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढतो आणि घरी लॅपटॉपवर संगीत तयार करतो. तबला नाही, पेटी नाही, सगळं यंत्रातलं. माझी कॉलेजात जाणारी मुलगी मनू हिने मला हे एका सुट्टीत शिकवलं आणि तेव्हापासून ती पस्तावते आहे. बायको त्याला 'टुंगटुंग' म्हणते. ("आज टुंगटुंगच चालणार आहे, की भाजीही येणार आहे घरात?") माणसाला पन्नाशीत एखादा नाद लागला की घरचे आधी हसतात, मग रागावतात आणि शेवटी दार लावून घेतात. आमच्याकडे दार लावून झालेलं होतं.

आमचं घर थोरल्या पातीचं, म्हणून कुळाचे गणपती आमच्याकडे बसतात. आरती बाबा म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनीच म्हटली. बाबा गेले त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता, म्हणून गणपती सराफ्यात राहणाऱ्या काकांकडे बसले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दागिन्यांच्या दुकानात हिशेब लिहून निवृत्त झालेले, पण आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी खाकरले तरी आमची आई चहाचं आधण ठेवते.

वर्ष सरलं. श्रावणात काका आले, चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, राग नका मानू जी. पण गणपती यंदाही माझ्याकडेच राहू द्या. आरतीला घरात माणूस लागतो. आता या बाळ्याच्यानं काय होणार आहे?"

बाळ्या म्हणजे मी. आई उठली आणि कोपऱ्यातला रिकामा चौरंग पदरानं पुसायला लागली. या चौरंगावर बाबांनी भेडाघाटहून आणलेली संगमरवरी फरशी बसवलेली आहे. ती आधीच स्वच्छ होती. आई तरी पुसतच राहिली, आणि मला ते बघवेना.

"होईल," मी म्हणालो.

"काय होईल?"

"आरती. इथेच होईल."

"अच्छा! अन् म्हणणार कोण?"

"मी. म्हणजे मी, पण प्रोफेशनल."

काकांनी आईकडे बघितलं. आईनं चौरंगाकडे बघितलं. "चलो," काका म्हणाले, "यंदा बसवा इथे. पण जमलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून कायमचे सराफ्यात. बोल, मंजूर?"

मी मंजूर म्हणालो. शाळेत समूहगीताच्या वेळी ज्याला बाईंनी 'तू नुसते ओठ हलव' असं प्रेमानं सांगितलं होतं, त्या माणसाने हा शब्द दिला होता.

पण आता माझ्याकडे विद्या होती! घरगुती संगीत आणि बाजारातलं संगीत यांत फरक असतो तो थोड्याशा युक्त्यांचा, आणि त्या सगळ्या मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. पहिली युक्ती अशी की प्रत्येक वाद्याला आपापली जागा द्यायची. दोन वाद्यं एकाच पट्टीत घुसली की दोन्ही गढूळ होतात. तेव्हा बासरीखालची गुरगुर कापायची, घंटेखालची कापायची, टाळाखालचीही कापायची, आणि तळमजला एका ढोलाला रिकामा करून द्यायचा. मी दिला. त्या ढोलाइतकी ऐसपैस जागा आमच्या घरात कोणालाच मिळालेली नाही.

दुसरी युक्ती म्हणजे ढोल पडला की बाकीच्या आवाजांनी क्षणभर खाली वाकायचं, मग पुन्हा वर यायचं. त्यानं गाण्याला श्वास येतो. तिसरी, सुरांना इस्त्री. मी माइकसमोर आरती म्हटली, आणि यंत्रानं माझा एकेक स्वर उचलून जागेवर नेऊन बसवला. (काही स्वर इतक्या लांबून आणावे लागले की ते पोचले तेव्हा दमलेले वाटत होते.) चौथी, एका आवाजाच्या चार प्रती करून थोड्या मागेपुढे ठेवायच्या, म्हणजे आवाज भरदार होतो. मी सहा केल्या.

पाचवी युक्ती सगळ्यात महत्त्वाची. आपलं काम करताना तुलनेसाठी एक आदर्श नमुना समोर ठेवायचा. माझ्याकडे तो होता. मोबाइलवर घेतलेली बाबांची आरती!

एका रविवारी सकाळी मी ती यंत्रात घातली आणि मोजायला बसलो. बाबांनी आरती एका पट्टीत सुरू केली होती आणि दीड पट्टी वर जाऊन संपवली होती. सुरुवातीची लय बैलगाडीची, शेवटची तिच्यामागे कुत्रं लागल्याची. चाळीस वर्षं आम्ही ज्यांच्यामागे डोळे मिटून म्हणत होतो ते बाबा बेसूर होते. आणि हे मला ते असताना कधीही ऐकू आलं नव्हतं. मला गलबलून आलं. मी लॅपटॉप मिटला आणि कोणालाही काही सांगितलं नाही.

त्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक दोष होता. तिसऱ्या कडव्याच्या मध्येच बाबा थांबायचे आणि त्याच चालीत ओरडायचे, "पंखाऽऽ!" कारण तिथवर येईतो निरांजन फडफडायला लागायचं आणि पंखा बंद करायची आठवण त्यांना नेमकी तिथेच व्हायची. दर वर्षी! कोणीतरी धावत जाऊन बटण दाबायचं, आणि मग बाबा पुढची ओळ उचलायचे. आमच्या कुळात तो शब्द आरतीचाच झाला आहे. काकांच्या घरी माघी गणेशजयंतीला, ऐन थंडीत, पंखा झाकून ठेवलेला असतानाही सगळे तिथे थांबतात आणि काका 'पंखाऽऽ' म्हणतात. मनूनं शाळेच्या स्पर्धेत आरती म्हटली ती पंख्यासकट, आणि बाईंनी गुण का कापले हे तिला नववीपर्यंत कळलं नव्हतं.

मी माझ्या आरतीतून तो पंखा कापला. कापताना मला अभिमानच वाटला. प्रोफेशनल आरतीत पंखा नसतो.

आता राहिली शेवटची युक्ती. तयार झालेलं गाणं जितक्या स्पीकरांवर ऐकता येईल तितक्यांवर ऐकायचं. मी मोबाइलवर ऐकलं. स्वयंपाकघरातल्या जुन्या रेडिओत तार घालून ऐकलं. शेजारच्या तिवारीजींच्या गाडीची किल्ली मागून घेतली आणि भर दुपारी काचा वर करून, डोळे मिटून आत बसलो. दहा मिनिटांनी काचेवर टकटक झाली.

"भाई साहब, घर में सब ठीक है ना?" तिवारीजींनी हळूच विचारलं. "भाभी जी से कुछ कहासुनी हुई हो तो हम बात करें?"

मी ठीक आहे म्हणालो. त्यांनी मला बळेच घरात नेऊन पोहे खायला घातले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मनू म्हणाली, "पप्पा, सब पे टेस्ट केलं ना?"

"सगळ्यांवर."

"और वो बडावाला स्पीकर? मांडववाल्या भैयाचा?"

"तो उद्या सकाळी येणार आहे ना."

"तो फिर सब पे कहाँ केलं?"

मनू मराठी अर्धीच बोलते, पण पूर्ण समजते. माझं उलटं झालं. मला तिचं बोलणं पूर्ण ऐकू आलं आणि अर्धंसुद्धा समजलं नाही.

चतुर्थीला सकाळी मांडववाल्याकडून भाड्याच्या स्पीकरचा खोका आला. तो एवढा मोठा होता की त्याला उभा करायला खोलीत जागाच नव्हती. मग मला एक सुंदर कल्पना सुचली. तो आडवा करून चौरंगाखाली सरकवला आणि वरून जरीचं कापड सोडलं. आरती साक्षात गणपतीच्या पायांपासून उमटेल! चौरंगाच्या फरशीवर लाल कापड, त्यावर तांदूळ, त्यावर मूर्ती. गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा केली आणि जाता जाता बजावून गेले की आता उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही.

दुपारी पंचवीस माणसं जमली. काका आपला टाळ घेऊन आले आणि चौरंगाच्या उजव्या हाताला उभे राहिले. आईनं निरांजन लावून ताम्हन माझ्या हाती दिलं. मी मनूला खूण केली.

माझ्या आरतीला सोळा मात्रांची प्रस्तावना होती. आधी ढग जमल्यासारखा एक सूर, मग लांबून घंटा. पण आमच्या घरात ताम्हन हललं की आरती सुरू होते. पहिल्या ढगालाच पंचवीस माणसांनी तोंड उघडलं. त्यांचं पहिलं कडवं निम्म्यावर आलं तेव्हा स्पीकरमधून माझे सहा आवाज सुरू झाले.

"हे कोण पोट्टे आणले रे?" आईनं विचारलं.

"मीच आहे, आई."

"तू? काहीतरीच!"

काही लोक यंत्राकडे गेले, काही काकांकडे राहिले. तिवारीजी मराठी येत नसल्यामुळे दोन्हीकडे टाळ्या देत होते. कशीबशी तिसऱ्या कडव्यापर्यंत गाडी आली आणि तिथे सगळं घर एकदम थांबलं. सवयीनं. पंचवीस माणसं तोंड उघडं ठेवून 'पंखा' येण्याची वाट बघत राहिली. पंखा मी कापलेला होता! यंत्र थांबलं नाही, पंखाही थांबला नाही, आणि माझ्या हातातलं निरांजन फडफडून विझलं.

नेमका त्याच क्षणी तळमजल्यावरचा ढोल सुरू झाला.

मोबाइलवर तो मला 'धप' असा ऐकू आला होता. गाडीत 'धम्म' असा. त्या खोक्यातून तो ऐकूच आला नाही. तो पायांतून वर आला. फळीवरचे डबे बोलायला लागले. पहिला मोदक ताटातून उतरला, त्याच्यामागे दुसरा उतरला. आणि गुळगुळीत फरशीवरचं लाल कापड मूर्तीसकट सरकायला लागलं.

"बाप्पा चालून राहिले!" कोणीतरी किंचाळलं. मागच्या रांगेतल्या दोघी जणींनी तिथेच नमस्कार घातला.

खरंच चालत होते. एकेका ढोलाला बोटभर, शांतपणे, उजव्या हाताला. उजव्या हाताला काका होते. घर थोरल्या पातीचं, चौरंग बाबांचा, आणि गणपती पंचवीस साक्षीदारांसमोर स्वतःच्या पायांनी सराफ्याला निघाले होते!

काकांनी टाळ टाकला आणि दोन्ही हात पुढे धरले, पण मूर्तीला लावले नाहीत. हलवायची नाही ना! "बाळ्या, बंद कर बे ते!" ते ओरडले. "मी घेऊन नाही जाऊन राहिलो यांना, हेच येऊन राहिले!"

मी तार उपटली.

बाप्पा फरशीच्या काठापासून चार बोटं अलीकडे थांबले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. माझ्या हातात विझलेलं निरांजन होतं, आणि मान वर करायची माझी हिंमत होत नव्हती. बाबांची जागा आपण घालवली, एवढंच मनात येत होतं.

आई पुढे आली. तिनं काडी ओढली, वाऱ्यानं ती विझली. दुसरीही विझली. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाळ, पंखा म्हण."

"अं?"

"तुझे बाबा म्हणायचे तसा म्हण न."

मी तोंड उघडलं. "पंखाऽऽ!"

मनू धावली. पंखा थांबला. तिसरी काडी पेटली. मग पुढची ओळ मलाच उचलावी लागली, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. मी कुठल्या पट्टीत उचलली ते मला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नव्हतं. पण सगळे माझ्यामागे आले. मी वर घसरलो, सगळे वर घसरले. मी घाई केली, सगळ्यांनी घाई केली. आई डोळे मिटून म्हणत होती. वर्षभरात मी तिला आरती म्हणताना पाहिलंच नव्हतं.

आरती संपली. काकांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग बाप्पांना हात जोडून क्षमा मागितली, आणि आम्ही दोघांनी मिळून लाल कापड हळूच ओढून मूर्ती जागेवर आणली.

"दादाची हुबेहूब आठवण आली बे," काका म्हणाले. "तोही असाच भयंकर म्हणायचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं मी टाळ एवढ्या जोरात काहून वाजवत होतो?" मग ते आईकडे वळले. "वहिनी, गणपती इथेच राहू द्या जी. बाळ्याच म्हणेल."

आई मोदक मोजायला बसली, कारण त्यातले सहा कपाटाखाली गेले होते.

मनूनं ती आरती मोबाइलवर घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिनं ती यंत्रात घालून नीट तपासली आणि निकाल मला वाचून दाखवला. संपूर्ण आरतीत माझा एकच शब्द सुरात आणि तालात लागला होता. पंखा.